पावलांचे ठोके

टेबलावर सहा घड्याळं होती, छातीला बांधायचे दोन पट्टे, ओल्या फडक्याची एक घडी, एक मोजपट्टी आणि कागदी बशीत अर्धं खाल्लेलं जाडजूड सॉसेज. सातवं घड्याळ त्या सॉसेजला बांधलेलं होतं. त्याच्या पडद्यावर आकडा होता चौऱ्याहत्तर.

"पेशंटची तब्येत ठणठणीत आहे," मारूशा म्हणाली. "फक्त जरा मोहरी लागलीय."

लेनार्ट दारातच थांबून हसायला लागला. "आणि हेच घड्याळ माझ्या हातात बांधणार तुम्ही? वा, प्राध्यापकबाई!"

प्राध्यापकबाई म्हणजे पोलोना, त्याची धाकटी बहीण. ती प्राध्यापक नव्हती. ल्युब्लियाना शहराच्या उत्तरेला, एका जुन्या दूधकेंद्राच्या वरच्या मजल्यावर ही प्रयोगशाळा होती, पोलोना, मारूशा आणि आणखी दोघं अशा चार माणसांची. पळताना हृदयाचे ठोके मोजणाऱ्या घड्याळांची परीक्षा घ्यायची, ती कुठे चुकतात ते शोधायचं, आणि जमलं तर स्वतःचं एक न चुकणारं घड्याळ बनवायचं, एवढंच तिथलं काम. सॉसेजवरचं ते त्यांचं स्वतःचं.

"सॉसेजला नाडी नसते," पोलोना म्हणाली. "पण घड्याळाला ते कबूल करवत नाही. ते कातडीत हिरवा उजेड सोडतं आणि परत किती आला ते बघतं. रक्ताची लाट आली की उजेड कमी परत येतो. तेवढंच त्याला कळतं. लाट सापडली नाही की ते दुसरं काहीतरी पकडतं. खोलीतला दिवा, टेबलाची थरथर."

"आणि पळताना?"

"पावलं. प्रत्येक पावलाला हातातलं रक्त हिंदकळतं. हृदयापेक्षा पाऊल मोठ्याने बोलतं. मग घड्याळ पावलंच मोजत बसतं आणि तुला सांगतं, हे घे तुझे ठोके."

"म्हणजे आमच्या आगारातल्या साहेबासारखं," लेनार्ट म्हणाला. "जो मोठ्याने बोलेल त्याचं खरं."

तो बसच्या आगारात यंत्रदुरुस्ती करायचा. एकतीस वर्षांचा, उंच, बोलका माणूस. नोव्हेंबरात त्याला साधा ताप आला, आणि ताप उतरल्यावर हृदयाच्या स्नायूला सूज आली. तीन आठवडे तो दवाखान्यात तारांमध्ये गुंडाळून पडला होता. मार्चमध्ये डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली ती एका अटीवर. ठोके मिनिटाला दीडशेच्या वर जाता कामा नयेत. त्या स्नायूवर अजून व्रण होता. दीडशेच्या वर काय होईल हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि हे म्हणताना ते लेनार्टकडे न बघता पोलोनाकडे बघत होते.

छातीचा पट्टा हृदयातली वीजच मोजतो, तो सहसा चुकत नाही. पण लेनार्टला पट्टा नको होता. "तो बांधला की मला दवाखान्याचा वास येतो," तो म्हणायचा. आणि मे महिन्यात तिघांची शर्यत होती. शहराभोवतीच्या खडीच्या वाटेवर तिघांनी एकत्र सुटायचं, एकत्र पोचायचं. तिसरा रेषा ओलांडतो तीच सगळ्यांची वेळ. लेनार्ट, पोलोना आणि मारूशा गेली चार वर्षं एकत्र पळत होते.

"घड्याळ बरोबर चालायला लागलं तर पळशील," पोलोनाने सांगून टाकलं होतं. "नाहीतर कडेला उभा राहून टाळ्या वाजवशील."

"आईपेक्षा वाईट आहेस तू."

"आईला अजून दीडशेचं माहीतच नाही."

तिने घड्याळ सॉसेजवरून काढलं, पुसलं आणि त्याच्या मनगटावर चढवलं. हाडाच्या वर दोन बोटं, घट्ट, पण बोटं निळी पडणार नाहीत इतपत. तपासणीपुरता पट्टाही बांधायला लावला. ती ओल्या फडक्याने पट्टा पुसताना लेनार्टने नाक मुरडलं.

एप्रिलच्या सकाळी थंड होत्या. घड्याळाला थंडी चालत नाही. कातडीतलं रक्त आत पळतं आणि उजेडाला काही सापडत नाही. म्हणून पोलोनाने त्याला आधी जागेवर हात चोळायला लावले, बाही मनगटापर्यंत ओढून घ्यायला लावली. तळ्यापासून ते दोघं निघाले. तो पुढे, ती पाच-सहा पावलं मागे, मोबाइलवर दोन्ही आकडे बघत.

पट्टा एकशे चौतीस. घड्याळ एकशे चौतीस.

"बघ!" तो पाठमोराच ओरडला. "उगाच घाबरवता लोकांना."

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत या वाटेच्या जागी काटेरी तार होती, पूर्ण शहराला वेढून. जिथे चौक्या होत्या तिथे आता कमरेएवढे अष्टकोनी दगड आहेत. लहानपणी दोघं त्यांवर चढून बसत. तळ्याच्या पुढे असा एक दगड आहे आणि पुढच्या वळणावर दुसरा. मध्ये दुतर्फा बर्चची झाडं, डावीकडे शेताचा उतार, उजवीकडे घरांच्या बागांच्या मागच्या बाजू.

पहिल्या दगडाशी घड्याळ थरथरलं, आकडा दीडशेच्या वर गेला की थरथरायचं तसं. लेनार्ट एकदम थांबला. त्याचा चेहरा खडूसारखा झाला होता.

"एकशे चौसष्ट," तो म्हणाला.

"पट्टा एकशे छत्तीस सांगतोय. तू ठीक आहेस. पाऊल पकडलंय त्याने."

"नक्की?"

"नक्की. चालत राहा."

दुसऱ्या दगडाशी घड्याळ पुन्हा ताळ्यावर आलं. घरी जाताना मात्र पोलोनाच्या डोक्यात एक खडा टोचत राहिला. लेनार्टची पावलं मिनिटाला एकशे शहात्तर पडायची. शाळेपासून. तिने कितीदा तरी मोजली होती. घड्याळाने पाऊल पकडलं असतं तर आकडा एकशे शहात्तर यायला हवा होता.

दुसऱ्या वेळी तिने घड्याळाची पट्टी बदलली. तिसऱ्या वेळी घड्याळ डाव्या हातावरून उजव्या हातावर आणलं. मग बाजारात मिळणारं, दुसऱ्याच बनावटीचं घड्याळ लावलं. दर वेळी दोन दगडांच्या मध्ये आकडा तोच, एकशे चौसष्ट. लेनार्ट हळू पळाला तरी तोच, वेगाने पळाला तरी तोच. मारूशा म्हणाली जमिनीखालून पाण्याचा पंप जात असेल. म्हणून पोलोनाने थरथर मोजणारं यंत्र खडीवर ठेवून पाहिलं. काही नाही. ती स्वतः घड्याळ घालून एकटीच तिथून पळाली. घड्याळाने तिचे ठोके न चुकता दाखवले.

"म्हणजे दोष तुझ्या भावात आहे," मारूशा म्हणाली. "मी पहिल्यापासून सांगतेय."

प्रयोगशाळेचं घड्याळ पडद्यावर न दिसणारं पुष्कळ काही साठवायचं. मनगटाला बसलेला प्रत्येक हिसका, त्याचा जोर, पाऊल डावं की उजवं. पोलोनाने ते सगळं काढून पडद्यावर पसरलं. दोन दगडांच्या मध्ये तिथे एक नव्हे, दोन लयी होत्या. मोठी लय लेनार्टची, एकशे शहात्तर, डावं पाऊल पन्नास टक्के, उजवं पन्नास. तिच्या खाली दुसरी, बारीक, एकशे चौसष्ट. ती समान नव्हती. डावं शेहेचाळीस, उजवं चोपन्न. डावा पाय जपून टाकणाऱ्या माणसाची असते तशी.

मारूशा खुर्ची ओढून शेजारी बसली. तिने दोन्ही लयींवरून बोट फिरवलं.

"प्रतिध्वनी असेल," ती म्हणाली.

"प्रतिध्वनी लंगडत नाही."

"मग आणखी कोणाचं तरी घड्याळ. मिसळलं असेल."

"मनगटाला बसलेला हिसका आहे हा, मारूशा. तो मिसळत नाही. तो बसतो."

पोलोनाने आधीच्या दिवसांची माहितीही काढली. पहिल्या दिवशी त्या बारीक लयीचा जोर लेनार्टच्या पावलाच्या विसाव्या हिश्शाएवढा होता. मग दहाव्या. आता पाचव्या.

हे तिने लेनार्टला सांगितलं नाही. काय सांगणार होती? शर्यत दहा दिवसांवर आली होती, आणि त्या टप्प्यात घड्याळ थरथरलं की तो दर वेळी तसाच पांढरा पडायचा. भीतीनेच ठोके वर जायचे. एकदा पट्ट्यावर एकशे एकोणपन्नास झाले.

त्याच दिवशी बर्चखाली एक बाई कुत्र्याला घेऊन समोरून येत होत्या. कुत्रा लेनार्टला वाट द्यायला गवतात उतरला. मागून पोलोना गेली. तरी कुत्रा गवतातच उभा राहिला. आणखी एक माणूस जाईल एवढा वेळ थांबून तो पुन्हा वाटेवर आला.

"तिघांच्या शर्यतीची तयारी का?" बाईंनी विचारलं.

"हो," पोलोना थांबून म्हणाली. "पण आज दोघंच आहोत."

"अस्सं." बाईंनी लेनार्टच्या पाठीकडे पाहिलं. "मला वाटलं, तो त्याच्या बाजूचा तुमच्यातलाच."

लेनार्टच्या बाजूला कोणी नव्हतं. पोलोनाने हे बाईंना सांगितलं नाही. कुत्रा कान पाडून मालकिणीच्या पायांना चिकटला होता.

दोन लयी एकमेकींत मिसळल्या असतील तर त्या सोडवायची प्रयोगशाळेत एक ठरलेली रीत होती. पळणाऱ्याच्या कानात टिकटिक लावायची आणि त्याला संशयास्पद आकड्यावरच पावलं टाकायला लावायची. दोन्ही लयी एक झाल्या की घड्याळाला गोंधळायला काही उरत नाही. मग ती एक लय वजा करायची, मागे राहतात ते ठोके. पोलोनाने हे शंभरदा केलं होतं. पंचवीस माणसांवर, ट्रेडमिलवर, भिंतीवरच्या पंख्याकडे बघत.

"एकशे चौसष्टवर पळायचं," तिने लेनार्टला सांगितलं. "फक्त दोन दगडांच्या मध्ये."

"एवढ्या लांब ढांगा? बेडकासारखं वाटेल मला."

"बेडूक हो. एकदाच."

त्याने टिकटिकीचं बटण कानात घातलं आणि तिच्याकडे बघून डोळे वटारले. "मी बेडूकच राहिलो तर आईला तू सांगायचंस हां, प्राध्यापकबाई."

ते निघाले. आकाश ढगाळ होतं, वारा अजिबात नव्हता. पहिला दगड आला. लेनार्टने पाऊल टिकटिकीवर आणलं. आधी चुकलं, मग जमलं.

पट्टा एकशे एकोणचाळीस. घड्याळ एकशे एकोणचाळीस.

पोलोनाला आनंद झाला. तो क्षणभर पूर्ण, निखळ आनंद होता, महिन्याभराच्या कामानंतरचा. मग तिच्या लक्षात आलं की खडीचा आवाज बदलला आहे. आता लेनार्टची आणि तिची, दोघांचीच पावलं वाजत होती. इतके दिवस तसं नव्हतं, हे तिला आत्ता, तो आवाज थांबल्यावर कळलं.

दुसरा दगड मागे पडला.

"झालं!" ती ओरडली. "आता नेहमीसारखा पळ."

लेनार्टने कानातलं बटण काढून खिशात टाकलं. त्याची लय बदलली नाही.

"लेनार्ट?"

तो थांबला. वळला. बोलावल्यावर माणूस वळतो त्यापेक्षा किंचित उशिरा.

"हेच बरं वाटतंय," तो म्हणाला. मग तिच्याकडे नीट पाहून, जणू आठवून, म्हणाला, "पोलोना."

शर्यतीच्या दिवशी ऊन होतं. तिघं एकत्र सुटली, एकत्र पोचली. घड्याळ एकदाही चुकलं नाही. ठोके सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकशे एक्केचाळीस, चढावर एकशे त्रेचाळीस. मारूशाने रेषेवर दोघांना मिठ्या मारल्या. "गेल्या वर्षी तासभर बडबडून डोकं खाल्लंस," ती लेनार्टला म्हणाली, "आज तोंडात काय धरलं होतंस?" तो हसला. दातांवरून ओठ बाजूला झाले, एवढंच.

त्या रविवारी आईकडे सूप झालं, बटाटे झाले. आईने हौसेने झ्गांत्सीही, म्हणजे कुट्टूच्या पिठाचे घट्ट शिजवलेले गोळे, केले होते. लेनार्टने लहानपणापासून त्यांना तोंड लावलं नव्हतं. "सिमेंट" म्हणायचा. आज त्याने दोनदा मागून घेतले.

"आजारपणाने शहाणा झाला गं," आई स्वयंपाकघरात पोलोनाच्या कानाशी म्हणाली. "भांडीसुद्धा उचलली त्याने. कधी बघितलंस?"

दाराशी त्याचे बूट होते. पोलोनाने ते उचलून पाहिले. नवे होते, शर्यतीपूर्वी घेतलेले. उजव्या बुटाचा तळ झिजायला लागला होता. डाव्याचा जवळपास कोरा होता.

जूनमध्ये तपासणी होती. डॉक्टर हृदयाची चित्रं बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी परिचारिकेला नाव पुन्हा विचारायला लावलं, जन्मतारीख विचारायला लावली.

"काही बिघडलंय का?" पोलोनाने विचारलं.

"नाही हो. उलट आहे." त्यांनी दोन चित्रं शेजारी ठेवली. "मार्चमध्ये इथे व्रण होता. आता नाहीये. बरा झालेला व्रणही दिसतो, तोही नाही. चित्रांची अदलाबदल झाली असेल म्हणून नाव विचारलं." ते हसले. "हे हृदय कधी आजारी पडलेलंच नाही. आता हवं तितकं पळा."

"थँक्यू, डॉक्टर," लेनार्ट म्हणाला आणि शर्टाची बटणं लावायला लागला. खालून वर.

बरोबर आलेल्या आकड्यांच्या आत डोकावून बघायची कोणाला गरज वाटत नाही. त्या टिकटिकीच्या सकाळनंतर घड्याळ कधी चुकलंच नव्हतं, म्हणून शर्यतीच्या दिवशीची साठवलेली माहिती पोलोनाने उघडलीच नव्हती. दवाखान्यातून ती सरळ प्रयोगशाळेत गेली. दुपारचे दोन वाजले होते. मारूशा जेवायला गेली होती.

तिने टिकटिकीच्या सकाळची माहिती काढली.

पहिल्या दगडापर्यंत, मोठी लय एकशे शहात्तर.

दोन दगडांच्या मध्ये एकच लय. एकशे चौसष्ट.

दुसऱ्या दगडानंतर, मोठी लय एकशे चौसष्ट. डावं शेहेचाळीस, उजवं चोपन्न.

तिच्या खाली दुसरी, बारीक. ती लेनार्ट थांबला तरी थांबली नव्हती. त्याच्याभोवती ती थोडा वेळ तशीच राहिली होती, अगदी जवळ, जोर कमी न होता. मग ते दोघं घराकडे निघाले तशी विरत गेली होती. मागे, दगडाच्या बाजूला.

पोलोनाने मग शर्यतीची माहिती काढली. शर्यतीचा मार्ग त्याच बर्चखालून गेला होता. तिथे ती बारीक लय पुन्हा होती, पहिल्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत, लेनार्टच्या उजव्या बाजूने. म्हणजे पोलोना ज्या बाजूला पळत होती तिथे.

ती उठली. टेबलावरचं घड्याळ घेतलं. छातीला पट्टा बांधला. घड्याळ साठवतं ते सगळं लगेच मोबाइलवर दिसेल असं लावून घेतलं.

तळ्यावर कोणी नव्हतं. खडी उन्हाने पांढरी झाली होती. ती पहिल्या दगडाच्या पुढे वीस पावलं चालत गेली आणि बर्चच्या सावलीत उभी राहिली. हात अंगाशी घट्ट धरले, हलणार नाहीत असे. घड्याळ हाडाच्या वर दोन बोटं होतं. कातडी गरम होती. पट्टी नीट बसली होती.

वारा नव्हता.

"लेनार्ट," ती म्हणाली.

मनगटावर घड्याळ थरथरलं.

पट्टा, चौऱ्याण्णव. घड्याळ, एकशे शहात्तर. डावं पन्नास, उजवं पन्नास.